भिंतीवरचे बेडूकमासे आणि चिऱ्यात राहणारा बेडूक

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आंबोलीच्या परिसरात तुमचं घर आहे आणि घरामागे दरडीला टेकून जांभ्याची जुनी भिंत आहे. पावसाळ्यात ती वरपासून खालपर्यंत पाझरते, शेवाळाने हिरवीगार होते. जुलैपासून तिच्यावर करडी, शेपटीवाली इवलीशी पिल्लं चिकटलेली दिसतात आणि बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारून दुसरीकडे जाऊन चिकटतात. घरातल्या मोठ्यांना ती पालीची पिल्लं वाटतात, मुलगी म्हणते बेडकाची आहेत. मध्ये दोन दिवस उघडीप पडली, तेव्हा ती सुकून मरतील या काळजीने तुम्ही त्यातली काही उचलून पाण्याच्या बादलीत सोडली. शिवाय गवंडी म्हणतोय की पाऊस संपला की भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घ्या.

मुलगी बरोबर आहे. पुढचं वाचण्याआधी एक काम करा: बादलीतली पिल्लं परत भिंतीवर सोडा. हातांना साबण किंवा डासांचं मलम लागलेलं असेल तर हात साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि ओलेच ठेवा. बादली भिंतीला टेकवून हळूच कलती करा, म्हणजे पाण्याबरोबर पिल्लं शेवाळावर उतरतील. चिमटीत धरू नका, शेपूट नाजूक असते. ज्या भागात पाझर चालू आहे तिथेच सोडा.

आता कारण सांगतो. हे बेडूकमासे आहेत हे खरं, पण त्या नावातला 'मासा' यांना लागू होत नाही. साध्या बेडकाच्या पिल्लाची शेपूट उभी आणि रुंद असते, तिच्या दोन्ही कडांना पातळ पडदा असतो आणि त्या वल्ह्यावर ते पोहतं. तुमच्या भिंतीवरच्या पिल्लाची शेपूट लांब आणि बारीक आहे, पडदा जवळजवळ नाहीच. ती पोहण्यासाठी घडलेलीच नाही. बादलीभर पाणी त्याच्या काही कामाचं नाही. त्याला हवी दगडावरून घसरत जाणारी पाण्याची साय, एखाद-दोन मिलिमीटर जाडीची. तीच त्याचं तळं आणि तिच्याखालचं शेवाळ हेच त्याचं अन्न.

अशी पिल्लं सह्याद्रीत इंडिराना या गणातल्या, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटातल्या, बेडकांची असतात. १९८६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ लॉरेंट यांनी हा गण वेगळा केला. ही मंडळी उंच उडीसाठी प्रसिद्ध आहेत, आणि त्यांचं सगळं कूळ फक्त भारतात सापडतं, मुख्यतः पश्चिम घाटात. कोट्यवधी वर्षांपूर्वी बाकीच्या बेडकांपासून वेगळी झालेली ही जुनी शाखा आहे. आपल्या भागातल्या या बेडकांना कितीतरी वर्षं सरसकट 'बेडोमी' म्हटलं जायचं, म्हणजे दक्षिणेतल्या जातीचं नाव इथेही चालवलं जायचं. २०१४ मध्ये आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर या संशोधकांनी आंबोलीच्या बेडकाची नीट तपासणी करून तो स्वतंत्र जातीचा असल्याचं दाखवलं आणि त्याला नाव दिलं इंडिराना चिरावासी. चिरा म्हणजे तोच जांभ्याचा दगड, तुमच्या भिंतीतला, चिरेबंदी घरांतला. वासी म्हणजे राहणारा. एखाद्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात आपल्या बोलीतला शब्द इतका चपखल बसलेला मी क्वचितच पाहिलाय. हे नाव ठेवताना त्यांनी त्या बेडकाचा पत्ताच लिहून ठेवला.

तुमच्या भिंतीवरची पिल्लं चिरावासीचीच असण्याची शक्यता मोठी आहे. तरी केवळ पिल्लांच्या फोटोवरून मी जातीचं नाव ठामपणे सांगणार नाही. या गणातल्या सगळ्याच जातींची पिल्लं दिसायला फार सारखी असतात. शेजारच्या गोव्यात नेत्रावळीहून २०१५ मध्ये इंडिराना सालेलकरी ही आणखी एक जात नोंदली गेली, आणि उत्तरेला माथेरानवरून १८८८ पासून माहीत असलेली लीथी आहे. मोठा बेडूक दिसला तरच पुढचं बोलता येतं.

तो दिसतो कसा, ते सांगतो. लांबी जेमतेम इंच-दीड इंच, मादी नरापेक्षा मोठी. रंग तपकिरी, करडा, कधी विटकरी. जांभ्यावर बसला की नजर दोनदा त्याच्यावरून जाते आणि तो दिसत नाही. पाठीवर लांबट, तुटक तुटक उंचवटे असतात, जणू कोणी बारीक दोरे ठेवून वर कातडी ओढलीय. डोळ्यामागे कानाच्या पडद्यापाशी काळसर डाग. बोटांची टोकं थोडी पसरट, गोल चकतीसारखी. त्यांच्या जोरावर तो उभ्या दगडावर बसून राहतो. मागचे पाय शरीराच्या मानाने लांब. नराच्या मांडीला आतल्या बाजूने चपट्या ग्रंथी असतात, पण त्या पाहण्यासाठी बेडूक हातात घ्यावा लागतो आणि ते तुम्ही करू नये.

त्याच्या घराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गिलाव्याचा प्रश्न तिथेच सुटतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उष्ण आणि दमट हवेत, पावसाच्या माऱ्याखाली त्याच्यातली सहज विरघळणारी द्रव्यं धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तोच हा लालसर जांभा. तो आतून मधाच्या पोळ्यासारखा आहे, भोकांनी आणि वेड्यावाकड्या नळ्यांनी भरलेला. म्हणूनच तो कुऱ्हाडीने घडवता येतो, आणि म्हणूनच पाणी पितो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, पडलेलं पाणी जांभ्यात मुरतं आणि खालच्या कडांमधून, दरडींतून, तुमच्या भिंतीच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर येत राहतं. पाऊस थांबला तरी पाझर लगेच थांबत नाही. ओला स्पंज दाबून सोडल्यावर जसं थेंब थेंब गळत राहतं, तसं ते चालतं.

बेडकाला यातून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे त्याच्या अंगाच्या मापाची भोकं आणि फटी; आत गारवा आणि ओल, बाहेर ऊन असलं तरी. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि कातडीतूनच पाणी पितो, त्यामुळे कोरडी जागा त्याला जिवावरची. दुसरी म्हणजे दगडाच्या तोंडावर महिनोन्‌महिने टिकणारी पाण्याची साय. एका चिऱ्यात घर आणि पाळणा दोन्ही. बेसॉल्टच्या कातळावरही जिथे सतत पाणी झिरपतं तिथे इंडिरानाची पिल्लं दिसतात. पण गुळगुळीत कातळाला लपायला फटी कमी, म्हणून जांभ्याचं महत्त्व वेगळं.

मोठे बेडूक दिवसा बहुधा फटीत बसतात, नाहीतर ओल्या पाचोळ्यात. रात्री बाहेर येऊन मुंग्या, छोटे कोळी, भुंगेरे टिपतात. एकदा आंबोलीच्या रस्त्याकडेच्या जांभ्याच्या कठड्यापाशी मी पावसात पाऊण तास उकिडवा बसलो होतो. एका भोकात बेडकाचं फक्त नाक आणि दोन डोळे दिसत होते. बॅटरीचा झोत मी मुद्दाम बाजूला वळवला होता. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग तो अर्धा बाहेर आला, थांबला, समोरून चाललेली मुंगी गेली तशी जाऊ दिली, दुसरी टिपली, आणि पुन्हा मागे सरकून नेमका तसाच बसला, नाक आणि दोन डोळे. त्या भोकाच्या कडेवरचं शेवाळ त्याच्या बसण्या-उठण्याने घासून गेलं होतं. तेव्हापासून शेवाळात अशी झिजलेली कड दिसली की मी आधी तिथे थांबतो.

आता प्रजनन. मेअखेरच्या वळवाच्या सरी पडून पहिला मोसमी पाऊस स्थिरावला की नर आवाज देऊ लागतात. डबक्यातल्या बेडकांसारखा मोठा गोंगाट यांचा नसतो, आणि आंबोलीच्या पावसात तर इतका लहान आवाज पकडायला कान तयार व्हावा लागतो. जोडी जमली की नर मादीच्या पाठीवर चढून पुढच्या पायांनी तिला काखेत धरतो. अंडी ओढ्यात जात नाहीत, डबक्यात जात नाहीत. ती ओल्या दगडावर, फटीत, दगडाच्या पोटाखालच्या आडोशाला घातली जातात. जेलीच्या आवरणातली ही अंडी दगडाला आणि शेवाळाला धरून राहतात, आणि झिरपणारं पाणी त्यांना ओलं ठेवतं. जागा निवडण्यात सगळी मेख आहे: पाणी कमी पडलं तर अंडी सुकतील, धार जोराची असली तर वाहून जातील.

अंड्यांजवळ मोठा बेडूक बसलेला मी काही वेळा पाहिलाय. लोक लगेच म्हणतात, बाप राखण करतोय. मी एवढ्या घाईने ते म्हणत नाही. ओल्या फटी मोजक्याच असतात, त्यामुळे बेडूक तिथे स्वतःच्या सोयीनेही बसलेला असू शकतो. तो खरंच राखण करतोय का, हे एका जागी रात्री-मागून-रात्री बसून, दुसरा बेडूक किंवा खेकडा जवळ आल्यावर तो काय करतो हे पाहिल्यावरच कळतं. तुमच्या भिंतीवर असं दिसलं तर बेडकाला हलवू नका, फक्त तारीख आणि वेळ वहीत लिहा.

पिल्लांबद्दल मात्र मनसोक्त लिहायचंय, कारण त्यांच्याइतकं नवल आपल्या घाटात थोडंच आहे. मुलीला एक भिंग द्या आणि सकाळच्या उजेडात एकाच पिल्लाकडे दहा मिनिटं बघायला सांगा. पोट सपाट आहे, दगडाला टेकलेलं. डोळे डोक्याच्या मानाने मोठे आणि वर उचललेले, कारण पाण्याच्या सायीच्या वर डोकं असतं आणि त्याला हवेतलं बघायचं असतं. तोंड खालच्या बाजूला, कठीण कडांचं आणि बारीक दातेरी ओळींचं. त्याने ते दगडावरचं शेवाळ खरवडतं. थोडं खरवडतं, थोडं पुढे सरकतं. नीट बघितलंत तर हिरव्या शेवाळात त्याने सारवल्यासारख्या फिकट रेघा सोडलेल्या दिसतील. पाण्याचा पातळ थर त्याला दगडाशी धरून ठेवतो, दोन काचांमध्ये पाणी गेलं की त्या जशा चिकटून बसतात तसा. लांब शेपूट मागे टेकलेली असते, आधार म्हणून.

मागचे पाय बघा. साध्या बेडूकमाशाला ते उशिरा फुटतात आणि पोहताना निव्वळ लोंबत राहतात. इथे ते लवकर वाढतात आणि लगेच कामाला लागतात. शेपटीचा झटका आणि पायांची मदत यांवर ते पिल्लू उडी मारतं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या संशोधकांनी इंडिराना बेडोमीच्या पिल्लांच्या उड्यांवरच अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेपटीचा वाटा किती आणि शरीराच्या मापाचा किती, हे तपासलं होतं. पूर्ण बेडूक होण्याआधीच जमिनीवर उडी मारणारं पिल्लू जगात क्वचितच सापडतं. एकदा एका पिल्लाने माझ्या उघड्या वहीवर उडी मारली होती. ओल्या कागदावर ते क्षणभर चिकटलं आणि कागदात पाणी कमी आहे हे कळल्यासारखं लगेच परत दगडावर गेलं.

एवढी खटपट कशासाठी, असं तुमच्या मनात येईल. पावसाळ्यातला घाटातला ओढा आठवा. एका रात्रीत तो गुडघ्याचा कमरेपर्यंत येतो, दगडगोटे लोटत नेतो. तिथे अंडी टिकणं कठीण. साचलेल्या पाण्यात मासे, चतुराच्या अळ्या, पाण-ढेकूण आणि दहा जातींच्या पिल्लांची अन्नासाठी झुंबड. भिंतीवर यातलं काही नाही. अन्न आयतं पसरलेलं, आणि पातळ थरातल्या पाण्याला हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो. किंमतही आहे: उघडीप लांबली तर मरण, शिवाय खेकडे, कोळी आणि मुंग्या दगडावरही पोचतात. आंबोलीतल्याच इतरांनी वेगळी वाट काढलीय. तिथला प्रसिद्ध वाघपट्टेरी भेक, झँथोफ्रायनी टायगेरिना, सड्यावरच्या उथळ, चार दिवसांच्या डबक्यांत अंडी घालून घाईघाईने सगळं उरकतो. निक्टिबॅट्रॅकस गणातले निशाचर बेडूक ओढ्यावर लोंबणाऱ्या पानांवर आणि दगडांवर अंडी घालतात, पण फुटलेली पिल्लं खाली पाण्यात पडतात. चिरावासीने पाण्याशी असलेलं ते नातंही जवळजवळ तोडलंय.

उघडिपीची तुमची काळजी खरी आहे, आणि काही पिल्लं दरवर्षी मरतात हेही खरं. पण पुन्हा पाझर सुरू झालेल्या ठिकाणी जाऊन बघा: पिल्लं सांध्यांच्या तोंडाशी, जिथे शेवटची ओल असते तिथे गोळा झालेली असतात. ती पाण्याच्या मागे सरकतात. मी त्यांच्यावर पाणी मारत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि दुसऱ्या ओढ्याचं पाणी आणून ओतणं त्याहून धोक्याचं. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची एक बुरशी आहे, जिने जगात अनेक जाती संपवल्या. पश्चिम घाटात तिचा माग लागला तो २०११ मध्ये, आणि तोही इंडिरानाच्याच गणातल्या बेडकांवर. म्हणून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाताना मी बूट घासून, वाळवून मगच जातो. तुमच्या बादलीलाही हाच नियम लावा.

गिलाव्याचं उत्तर सरळ 'नको' असं आहे. सिमेंटचा थर बसला की सांधे बुजतात, मोठ्या बेडकांची भोकं बंद होतात आणि पाझर मागे अडतो. पाझर अडलेली भिंत घरासाठीही चांगली नाही. मागे पाण्याचा दाब वाढतो आणि एखाद्या पावसात ती फुगून ढासळू शकते. तुमच्या गवंड्याला हे सांगा, जुन्या कामाची माहिती असेल तर त्याला पटेल. चिरे ढिले झाले असतील तर तेवढेच चिरे काढून परत बसवून घ्या, आणि ते काम उन्हाळ्यात, एप्रिलपर्यंत करा. तेव्हा भिंतीवर अंडीही नसतात आणि पिल्लंही नसतात. चिरा काढताना आत बेडूक सापडला तर त्याला जवळच्या सावलीतल्या ओल्या दगडांत सोडा. शेवाळ काढण्यासाठी ब्लीचिंग पावडर, चुना किंवा तणनाशक मारू नका. वरच्या गच्चीचं किंवा न्हाणीचं साबणाचं पाणी भिंतीवरून जात असेल तर ते वळवा, पण दरडीतून येणारं झिरपणं वळवू नका. आसपास चिरेखाण सुरू होणार असेल तर गावात याबद्दल आधीच बोला. सडा कापला गेला की खालच्या भिंतींचा पाझरही आटतो.

रात्री बेडूक शोधायला जाताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. भिंतीच्या भोकात बोट घालू नका. बेडूक जिथे असतात तिथे चापडा हा विषारी साप येतो, आणि जांभ्याच्या दगडांत फुरशालाही आसरा मिळतो. पायांत गमबूट, हातात बॅटरी, आणि मुलगी तुमच्या मागे, पुढे नाही. बेडूक दिसला की झोत त्याच्या डोळ्यांत धरून ठेवू नका, शेजारच्या दगडावर धरा. फोटो घ्यायचा तर एक बाजूने, एक वरून, आणि जमलं तर बोटांची टोकं दिसतील असा; शेजारी दगडावर नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. फ्लॅश मारून वीस फोटो काढण्यापेक्षा बॅटरीच्या उजेडात तीन पुरेत.

ऑगस्टनंतर भिंतीवर तुम्हाला पुढचे पाय फुटलेली पिल्लं दिसतील, शेपूट अजून शिल्लक असलेली. ती शेवाळ खरवडायचं थांबवतात. तोंडाची सगळी रचनाच बदलत असते. शेपटी रोज आखूड होते आणि एके दिवशी दगडावर नखाएवढा बेडूक बसलेला असतो, शेपटीच्या जागी बारीकसा खुंट घेऊन. त्या दिवसांत सकाळी भिंतीजवळून जाताना पायाखाली बघा, कारण ते आता पाण्याच्या सायीबाहेर पडून भिंतीच्या बुडाशी असलेल्या पाचोळ्यात उतरू लागतात. तो पाचोळा यंदा झाडू नका.

मोठ्या बेडकाचा फोटो मिळाला तर तारीख, वेळ आणि भिंत किती ओली होती हे लिहून पाठवा. पाठीवरचे उंचवटे आणि पायाच्या बोटांमधला पडदा नीट दिसला तर नावापर्यंत पोचता येईल.